वाचकांचे प्रश्न: फाइल, स्ट्रीम आणि गेलेली लाइट

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की फाइलमध्ये लिहिणं-वाचणं यात कुठे अडत असाल तर कळवा, आणि आलेले प्रश्न बघून एक गोष्ट लगेच जाणवली की कोणालाच सिंटॅक्सचा प्रॉब्लेम नाहीये, सगळ्यांचे प्रोग्राम कंपाइल होतात, चालतात, एरर येत नाही आणि तरी फाइलीत चुकीचं निघतं किंवा काहीच निघत नाही. म्हणून आज थोडी सविस्तर उत्तरं देतेय. बहुतेक प्रश्न सी प्लस प्लसचे आहेत, एक जावाचा आहे.

देवगडहून, बीएस्सी आयटी दुसरं वर्ष

*ताई, आमची हापूसची कलमं आहेत. बाबा पेट्या कुठे कुठे पाठवतात त्याची नोंद मी प्रोजेक्ट म्हणून केली, एका ओळीत गावाचं नाव आणि किती पेट्या. वाचताना ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याची खूण, येत नाही तोपर्यंत व्हाइल लूप फिरवते. सगळं बरोबर येतं पण शेवटची ओळ दोनदा मोजली जाते. मैत्रिणीकडे तोच प्रोग्राम बरोबर चालतो. वर्गात एकाने सांगितलं की शेवटी एक नोंद वजा कर. करू का?*

नको गं, अजिबात नको. वजा केलंस तर तुझ्याकडे बरोबर येईल आणि मैत्रिणीकडे चुकेल.

नेमकं काय होतं ते एकदा हाताने करून बघू. समज फाइलीत तीनच ओळी आहेत, वाशी १२, पुणे ८, कोल्हापूर ५. बेरीज २५ यायला पाहिजे आणि तुला ३० येत असणार. (मी इथे आकडे देवनागरीत छापतेय पण तुझ्या फाइलीत इंग्रजी आकडेच ठेव, देवनागरी १२ दिसला तर स्ट्रीम, म्हणजे फाइल आणि प्रोग्राममध्ये मजकूर ने-आण करणारा ऑब्जेक्ट, त्याला आकडा मानतच नाही, तिथेच अडते.) आता स्ट्रीम वाचत वाचत शेवटच्या ५ पर्यंत आली, ५ च्या पुढे तुझं एंटर आहे, म्हणजे ओळ संपल्याचं चिन्ह, ते दिसलं म्हणून स्ट्रीमला कळलं की आकडा संपला आणि ती तिथेच थांबली. त्या एंटरच्या पुढे काही आहे की नाही हे तिने अजून बघितलेलंच नाहीये! तेव्हा तू विचारलंस, ईओएफ आलं का, ती म्हणाली नाही, आणि खरंच सांगितलं तिने. मग लूप परत आत शिरला, वाचायला गेला, एंटर ओलांडलं, पुढे काहीच नाही, वाचणं फसलं, पण तुझ्या व्हेरिएबलमध्ये आधीचं कोल्हापूर आणि ५ तसंच पडून होतं आणि तू ते न विचारता बेरजेत टाकलंस. झाले ३०.

मैत्रिणीच्या फाइलीत शेवटच्या ५ नंतर एंटर नसणार. तिथे आकडा कुठे संपतो हे शोधताना स्ट्रीम थेट फाइलीच्या टोकाला धडकते, ईओएफ वेळेवर लागतं आणि बेरीज जुळते. म्हणजे तिचा प्रोग्रामही चुकलेलाच आहे, फक्त तिची फाइल अजून तरी सांभाळून घेतेय.

ईओएफ म्हणजे 'आता पुढे काही नाही' असा आगाऊ निरोप नाही, 'मी वाचायला गेले आणि टोकाला धडकले' असं मागून सांगणं आहे. त्यामुळे लूपची अट म्हणून वाचणंच ठेव: व्हाइल (फाइल >> गाव >> पेट्या). वाचल्यावर ती स्ट्रीमच परत मिळते आणि अटीत ती ठेवली की तिचा अर्थ 'वाचणं जमलं का' असा होतो, जमलं तरच लूपच्या आत. सी प्लस प्लसमध्ये फाइलबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी म्हणेन ही ठेव, आधी वाच, जमलं का विचार, मग वापर.

अजून एक. समज बाबांनी ८ च्या जागी 'आठ' असं अक्षरी लिहिलं. तुझ्या आत्ताच्या लूपमध्ये वाचणं तिथे फसेल, स्ट्रीम जागची हलणार नाही, ईओएफ कधीच येणार नाही आणि लूप रात्रभर फिरत राहील. नव्या पद्धतीत लूप तिथेच थांबतो. थांबल्यावर बाहेर येऊन ईओएफ विचार, हो म्हणाली तर फाइल संपली म्हणून थांबली, नाही म्हणाली तर मधेच काहीतरी भलतं लिहिलंय, कितवी ओळ ते छापून बाबांना दाखव. ईओएफ विचारायची खरी जागा ही, लूप संपल्यावरची.

हर्णैहून, मासळीचा हिशोब ठेवणारे

*मॅडम, मी कॉम्प्युटरवाला नाही. बंदरावर लिलाव होतो त्याची नोंद ठेवतो, कुठल्या होडीची मासळी, किती किलो, काय भाव लागला. भाच्याने प्रोग्राम करून दिला. परवा संध्याकाळी दोन तास एंट्री केली आणि लाइट गेली. परत चालू केलं तर फाइल रिकामी, शून्य बाइट. आदल्या दिवसांचंसुद्धा गेलं. एंट्री करताना तर प्रत्येक वेळी 'सेव्ह झालं' असं दिसत होतं. भाचा म्हणतो लाइटमुळे. खरं काय?*

दादा, वाचून फार वाईट वाटलं. तुमचा नेम चुकला नाही, एंट्री तुम्ही बरोबरच केलीत. आणि भाच्याला रागवू नका, पण त्याला हे उत्तर वाचायला द्या कारण लाइट हे अर्धंच कारण आहे. दोन वेगळ्या चुका एका संध्याकाळी एकत्र आल्या.

आदल्या दिवसांचं लाइटने गेलंच नाही. ते तुम्ही प्रोग्राम उघडलात त्या क्षणी गेलं. ओएफस्ट्रीम हा लिहिण्यासाठीचा क्लास आहे आणि त्याला काही न सांगता फाइल उघडायला लावली की तो आधी फाइल पुसतो, एक अक्षर लिहायच्या आधीच. शेवटी जोडत जायचं असेल तर उघडतानाच आयओएस-ॲप हा मोड सांगावा लागतो. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम परत उघडून आधीच्या नोंदी बघितल्याशिवाय हे कळत नाही, बहुतेक भाच्याने एकाच दिवसाची एंट्री टाकून तपासलं असणार. (भाच्यासाठी: आयओएस-एट लावलास तरी ओएफस्ट्रीमवर फाइल पुसलीच जाते, नावावरून वाटतं की शेवटी जाईल म्हणजे वाचेल, तसं नाही. ॲपच पाहिजे.)

आता त्या दोन तासांच्या एंट्रीचं. तुमच्याकडे दापोली-गुहागरच्या बागांतून रहाटाचं शिंपणं बघितलं असेल. विहिरीतून लोटे वर येतात ते काही सरळ पोफळीच्या मुळाशी जात नाहीत, आधी डोणीत पडतात, डोण भरली की पाटातून पुढे. प्रोग्रामने फाइलीत लिहिलेलं पण असंच आधी मेमरीतल्या एका डोणीत पडतं, तिला बफर म्हणतात, काही हजार अक्षरं मावतात तिच्यात, भरली की मगच डिस्ककडे जातात. डिस्क हळू असते, एकेक अक्षरासाठी तिला उठवणं परवडत नाही, म्हणून ही सोय. पण तुमच्या दोन तासांच्या लिलावाच्या नोंदी किती, शंभर-दीडशे छोट्या ओळी, बहुतेक डोण भरलीच नाही. लाइट गेली तेव्हा सगळं मेमरीत होतं.

आणि 'सेव्ह झालं' हे वाक्य प्रोग्रामने कोणालाही न विचारता छापलेलं होतं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. माणूस त्या शब्दावर विसंबून वहीत लिहायचं बंद करतो. भाच्याला सांगा की प्रत्येक एंट्रीनंतर फ्लश करायचं, म्हणजे डोण मुद्दाम रिकामी करायची, मग स्ट्रीमला विचारायचं की ठीक आहेस का, आणि ती हो म्हणाली तरच ते वाक्य दाखवायचं, नाहीतर लाल अक्षरात 'लिहिलं गेलं नाही'. डिस्क भरली, पेनड्राइव्ह निघाला, काहीही असेल ते तिथे लगेच कळतं. माणूस हाताने एंट्री करतोय तिथे दर वेळी फ्लश केल्याने काही हळू होत नाही. लाखभर ओळी लूपने लिहायच्या असतात तेव्हा मात्र प्रत्येक ओळीला एंडएल वापरू नये, तो ओळ बदलतो आणि फ्लशही करतो, तिथे नुसतं नव्या ओळीचं चिन्ह पुरे.

फ्लश केल्यावर मजकूर प्रोग्रामच्या हातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात जातो, आणि ती पण स्वतःकडे थोडा वेळ धरून ठेवते. म्हणजे प्रोग्राम बंद पडला तरी वाचेल, पण थेट लाइट गेली तर शेवटच्या काही एंट्री तरीही जाऊ शकतात. त्याला उपाय छोटा यूपीएस, दहा मिनिटं मिळाली तरी बास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइटीचा काय भरवसा, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती सोडली तर पावसाळ्यात तुमचं काम चालूच असतं.

हे मी अनुभवाने लिहितेय. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका पतसंस्थेसाठी मी रोजकीर्दीचा छोटा प्रोग्राम केला होता, ॲप लावला होता, फ्लश नव्हता केला. जूनच्या पहिल्या वादळी पावसात दुपारी लाइट गेली आणि सकाळपासूनच्या पावत्यांचा पत्ता नाही. तिथल्या कारकून बाईंबरोबर मेणबत्तीच्या उजेडात एकेक स्लिप जुळवत रात्री नऊपर्यंत बसले होते. त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत, चहा करून दिला, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वही परत सुरू केली आणि ते मला अजून लागतं.

दादा, तोपर्यंत तुम्हीही वही सोडू नका. आणि रोज रात्री फाइलची एक कॉपी तारखेचं नाव देऊन वेगळी ठेवा.

मालवणहून

*मॅडम, माझो प्रोग्राम चलता, एरर येणा नाय, पण फाइल उघडून बघलंय तर आतमध्ये कायच नाय. लाइट पण गेलेली नाय. मेनूत १ नोंद घाल, २ नोंदी दाखव, ३ बाहेर. कोड सोबत पाठवलंय, जरा बघून सांगा.*

कोड बघितला. सगळा नीट आहे, फक्त मेनूत ३ दाबल्यावर तू एक्झिट हे फंक्शन बोलावतोस. घोळ तिथे आहे. तुझी ओएफस्ट्रीम मेनमध्ये लोकल व्हेरिएबल आहे, आणि लोकल ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारं फंक्शन, केव्हा चालतो तर त्याचा कंस संपला की किंवा रिटर्न झालं की. स्ट्रीमचा डिस्ट्रक्टरच डोण रिकामी करून फाइल बंद करतो. एक्झिट मात्र लोकल ऑब्जेक्टना विचारत नाही, मधूनच उठून जातो, डिस्ट्रक्टर चालत नाही, बफरमधलं तसंच जातं. एक्झिटच्या जागी रिटर्न शून्य लिही आणि बघ. कॉलेजच्या जुन्या प्रॅक्टिकल फाइलींमधून हा एक्झिट पिढ्यान्‌पिढ्या उतरून येतोय, तुझी चूक नाही रे.

रत्नागिरीहून, इंजिनीअरिंग

*मॅम, मासे नावाचा क्लास केलाय, त्यात स्ट्रिंग नाव आणि इंट वजन. ऑब्जेक्ट राइट फंक्शनने साइझऑफ (ऑब्जेक्टचं बाइट्समधलं माप) देऊन पूर्ण बायनरीत लिहितो आणि रीडने वाचतो. विंडोजवर आहे, नावं मराठीत, यूटीएफ-८ मध्ये. गंमत म्हणजे सुरमई, रावस, हलवा बरोबर येतात, बांगडा आणि पापलेट आले की कचरा येतो नाहीतर प्रोग्राम क्रॅश. फाइल करप्ट होतेय का?*

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलेच, इतका सुंदर पुरावा क्वचित मिळतो! फाइल करप्ट होत नाहीये, तू सांगितलंस तेच ती लिहितेय. तू सांगितलंस की हा ऑब्जेक्ट मेमरीत जसा आहे तसे त्याचे बाइट्स उतरव. पण स्ट्रिंगचा ऑब्जेक्ट म्हणजे नाव नव्हे, त्यात नाव कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो आणि लांबी असते. फाइलीत पत्ता गेला. उद्या प्रोग्राम परत चालू केलास तेव्हा त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी राहतंय.

मग सुरमई कशी आली? स्ट्रिंगच्या क्लासमध्ये एक सोय असते की नाव अगदी छोटं असेल तर बाहेर जागा न घेता ऑब्जेक्टच्या पोटातच ठेवायचं, आणि तुझ्या कंपायलरवर ही मर्यादा १५ बाइट्सची असणार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, काना-मात्रा-अनुस्वार पण वेगळे धरून. सुरमई मोज: स, उकार, र, म, ई, पाच चिन्हं, १५ बाइट्स, बरोब्बर मावली. रावस आणि हलवा चार-चार, १२. बांगडा: ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना, सहा चिन्हं, १८, नाही मावला, पत्ता लिहिला गेला. पापलेट पण १८. कोळंबी टाकून बघ, तीही १८, फसेल. आणि सुरमईवर खूश होऊ नकोस, दुसऱ्या कंपायलरवर छोट्या नावालासुद्धा आतल्या आत पत्ता ठेवलेला असतो, तिथे सुरमई पण जाईल.

उपाय दोन. नावासाठी ठरावीक मापाचा कॅरॅक्टर ॲरे घे, समज ६० बाइट्स, मग प्रत्येक रेकॉर्ड सारख्या मापाचा होतो आणि सातवा रेकॉर्ड पाहिजे असेल तर सीकजीने सहा गुणिले माप एवढं पुढे जाऊन थेट तिथे पोचता येतं. किंवा स्ट्रिंगच ठेव आणि लिहिताना आधी लांबी, मग तेवढे बाइट्स, मग वजन असं वेगवेगळं लिही. ज्या क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन आहे त्यालाही असं सरळ उतरवू नकोस, त्याच्या पोटातही एक लपलेला पत्ता असतो. आणि साइझऑफ नेहमी छापून बघ, एक कॅरॅक्टर आणि एक इंट मिळून ५ नाही तर बहुतेक ठिकाणी ८ निघतात, मधे रिकामी जागा सोडलेली असते.

विंडोजवर आहेस म्हणून अजून एक सांगते. आयओएस-बायनरी लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे लाव. लिहिताना विसरलास तर ज्या रेकॉर्डमध्ये वजन १० असेल तिथे विंडोज त्या १० ला नवी ओळ समजून त्याच्या आधी एक १३ घुसवतं आणि पुढचे सगळे रेकॉर्ड एक बाइट घसरतात. वाचताना विसरलास तर २६ हा बाइट आला की फाइल संपली असं धरलं जातं. ९ किलोची सुरमई चालते, १० किलोची चालत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं तर कारण तुला माहीत असेल.

सावंतवाडीहून, एक शिक्षक

*फाइल स्ट्रीम शिकवताना मुलं विचारतात की यात ऑब्जेक्ट ओरिएंटेड काय आहे, सी मध्ये एफओपन, एफप्रिंटएफने हेच होतं. क्लासची हायरार्की फळ्यावर काढतो पण ती पाठ करण्यापलीकडे जात नाही. कसं सांगावं?*

सर, मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी हायरार्कीपासून सुरू करत नाही. मी मुलांना एक 'पट्टी' छापणारं फंक्शन लिहायला लावते, दलालाकडून शेतकऱ्याला येते ती पट्टी, पेट्या, भाव, हमाली, तोलाई, हातात काय पडलं. फंक्शनचा एकच पॅरामीटर, ओस्ट्रीमचा, म्हणजे लिहिणाऱ्या स्ट्रीमच्या मूळ क्लासचा, रेफरन्स. मग तेच फंक्शन सीआउट देऊन बोलवायचं, पट्टी स्क्रीनवर येते. ओएफस्ट्रीम देऊन बोलवायचं, फाइलीत जाते. ओस्ट्रिंगस्ट्रीम देऊन बोलवायचं, मेमरीतल्या स्ट्रिंगमध्ये जाते आणि तिथे ती बरोबर आली का हे प्रोग्रामनेच तपासता येतं. फंक्शनची एकही ओळ बदलायची नाही. हे तीन वेळा डोळ्यांसमोर झालं की मग फळ्यावर रेघ ओढायची, ओएफस्ट्रीम हा ओस्ट्रीमचा वारस आहे म्हणून ओस्ट्रीम जिथे चालतो तिथे तो चालतो. पाट तोच, माती सरकवून पाणी कुठल्या वाफ्यात वळवायचं एवढंच आपण ठरवतो.

दुसरा धडा त्यानंतरचा. एफप्रिंटएफला तुमचा स्वतःचा 'पट्टी' हा टाइप शिकवता येत नाही, त्याला आकडा, अक्षर, स्ट्रिंग एवढंच कळतं. इथे << हा ऑपरेटर आपल्या क्लाससाठी ओव्हरलोड केला की पट्टी थेट स्ट्रीममध्ये घालता येते, एखाद्या आकड्यासारखी. बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी बेल लॅब्समध्ये १९७९ साली क्लास असलेली सी करायला घेतली, १९८३ ला तिचं नाव सी प्लस प्लस झालं, आणि आपल्या टाइपना मूळच्या टाइपइतकाच मान मिळावा हा त्यातला एक मोठा हेतू होता, तो स्ट्रीममध्ये स्पष्ट दिसतो. आयओस्ट्रीमची पुढची रचना जेरी श्वार्ट्झ यांनी केली.

मुलं पुढे गेली की मग डायमंड सांगा. आयस्ट्रीम आणि ओस्ट्रीम दोघांचा पूर्वज आयओएस, आणि दोघांकडून मिळून आयओस्ट्रीम, मग एफस्ट्रीम. व्हर्च्युअल इनहेरिटन्स नसता तर आयओस्ट्रीमच्या पोटात आयओएसचे दोन तुकडे आले असते, एक म्हणतो सगळं ठीक आणि दुसरा म्हणतो वाचणं फसलं, मग विश्वास कोणावर ठेवायचा? व्हर्च्युअल बेस क्लासचं याहून प्रामाणिक उदाहरण मला तरी पुस्तकात सापडलेलं नाही, तिथे बहुतेक प्राणी आणि पक्षीच असतात.

एक विनंती, सर. प्रॅक्टिकलला अजून टर्बो हा जुना कंपायलर असेल तर निदान एवढं सांगा की एफस्ट्रीमच्या हेडरचं शेवटी डॉट एच असलेलं नाव आणि नोक्रिएट हा मोड १९९८ च्या स्टँडर्डमध्ये नाही. मुलं पुण्या-मुंबईत इंटरव्ह्यूला जातात आणि तिथे पहिल्याच ओळीला कंपायलर अडतो, आणि त्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही.

अलिबागहून, घरगुती होमस्टे चालवणाऱ्या

*पाहुण्यांची नोंद रुंदी ठरवणारं सेटडब्ल्यू लावून कॉलममध्ये लिहिते, इंग्रजी नावं सरळ रेषेत येतात, मराठी नावं वेडीवाकडी. आणि तीच फाइल सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं.*

ताई, वर बांगड्याचं गणित केलंय तेच इथे. सेटडब्ल्यू बाइट्स मोजतो, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नाही. 'सुरमई' डोळ्यांना चार अक्षरं, त्याच्या लेखी १५. जागा भरायची गरजच नाही असं त्याला वाटतं. मराठी नावांसाठी रकाने मोकळ्या जागेने जुळवायच्या फंदात पडू नका, मधे स्वल्पविराम किंवा टॅब टाका आणि रकाने पाडायचं काम एक्सेलला करू द्या.

एक्सेलसाठी फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट्स लिहा, २३९, १८७, १९१, ही खूण दिसली की त्याला कळतं की मजकूर यूटीएफ-८ आहे. ही खूण फाइल नवी असतानाच एकदा लिहायची, रोज आयओएस-ॲपने जोडताना परत नाही. आणि तुमचाच प्रोग्राम ती फाइल वाचणार असेल तर पहिले तीन बाइट्स ओलांडून पुढे जा, नाहीतर पहिल्या पाहुण्याच्या नावाला ते चिकटून येतात आणि नाव शोधलं तर सापडत नाही.

गुहागरहून

*जावात फाइलरायटरने लिहितो, कधी कधी शेवटच्या ओळी येत नाहीत.*

क्लोज राहतंय. सी प्लस प्लससारखा कंस संपल्यावर आपोआप डिस्ट्रक्टर जावात चालत नाही. २०११ च्या जावा ७ पासून ट्रायच्या कंसातच स्ट्रीम उघडता येते, मग एक्सेप्शन आलं तरी ती बंद होते. तसंच लिही, नेहमीच. प्रिंटरायटर वापरत असशील तर तो लिहिताना आलेला एक्सेप्शन गिळतो, त्याला चेकएरर म्हणून वेगळं विचारावं लागतं.

वेंगुर्ल्याहून

*आधी सीइनने काजूचं वजन घेते, मग गेटलाइनने बागायतदाराचं पूर्ण नाव. नाव विचारतच नाही, पुढे पळतं.*

वजन टाईप केल्यावर तू एंटर दाबलंस ते स्ट्रीममध्ये पडून आहे, गेटलाइनला ते दिसलं आणि तिने रिकामी ओळ वाचली. गेटलाइनला सीइन देतेस तिथे सीइन >> डब्ल्यूएस असं दे, मग ती आधीच्या मोकळ्या जागा आणि एंटर गिळून मग नाव वाचते. फाइलीतून वाचतानाही हाच उपाय.

श्रीवर्धनहून

*फाइल डी ड्राइव्हवर नोंदी फोल्डरमध्ये टेस्ट नावाने आहे, डोळ्यांना दिसतेय, प्रोग्राम म्हणतो उघडत नाही.*

फोल्डर आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत असणार, एकाची सुरुवात एनने, दुसऱ्याची टीने. कोडमध्ये अवतरणचिन्हात बॅकस्लॅशपुढे एन आला की तो नवी ओळ होतो आणि टी आला की टॅब. म्हणजे तू कंपायलरला जे नाव दिलंस त्यात मधे एंटर आणि टॅब आहे, तशी फाइल डिस्कवर नाही. बॅकस्लॅश दोनदा दे किंवा साधा पुढे झुकलेला स्लॅश वापर, विंडोजला चालतो. तरीही नाही उघडली तर फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचं सेटिंग चालू करून नाव परत बघ, नोटपॅडने सेव्ह करताना बऱ्याचदा टेस्ट डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी झालेलं असतं.